इंजिनाचा दिवा : नोंद खोडली, कर्ज तसेच

सोसायटीचे कर्ज न फेडता सातबाऱ्यावरचा बोजा कुणी परस्पर खोडून आणला, तर गावात त्याला काय म्हणतात ते सांगायला नको. पिकअपच्या बाबतीत मात्र हेच काम रस्त्याकडेच्या गॅरेजात राजरोस चालते आणि त्याचे पैसेही आपणच मोजतो. स्टिअरिंगमागच्या काट्यांमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटतो. मालक घाबरतो. मिस्तरी स्टिअरिंगखाली एक यंत्र जोडतो, दोन बटणे दाबतो, दिवा विझतो. शे-दोनशे रुपये देऊन मालक खूश. आठ दिवसांनी चांदवडजवळच्या राहूड घाटात, मागे टोमॅटोचे क्रेट भरलेले असताना, तोच दिवा पुन्हा पेटतो आणि गाडी चढ चढायचे नाव घेत नाही. पिंपळगावचा लिलाव काही तिच्यासाठी थांबत नाही.

पूर्वी ही शहरातल्या मोटारवाल्यांची डोकेदुखी होती. आता ती आपल्या ओट्यावर आली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या आदेशानुसार १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ इंजिनाचीच नवी गाडी विकता येते. दुधाचा टेम्पो असो, कांद्याची पिकअप असो की ग्रामपंचायतीची घंटागाडी, त्या तारखेनंतरची डिझेलची नवी गाडी म्हणजे संगणकावर चालणारे इंजिन. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरलाही ट्रेम-४ नावाचा धुराचा नियम लागू झाला आणि तिथेही कॉमन रेल पंप, सेन्सर आणि संगणक आले. २०२३चा तो नियम ५० अश्वशक्तीच्या आतल्या ट्रॅक्टरना नव्हता, त्यामुळे साध्या पंपाचे ट्रॅक्टर गावोगाव अजून भरपूर आहेत. पण ऊस ओढणारे, मोठा रोटाव्हेटर चालवणारे मोठे ट्रॅक्टर आणि परराज्यांतून येणारे नवे हार्वेस्टर आता याच पंगतीला बसले आहेत.

दिवा मुळात मिस्तरीसाठी नव्हताच

ही पद्धत आली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातून. लॉस एंजेलिस शहरावर गाड्यांच्या धुराचे धुके साठायचे. तिथल्या हवा मंडळाने १९८८ सालच्या गाड्यांपासून अशी सक्ती केली, की धूर आटोक्यात ठेवणारा भाग बिघडला तर गाडीनेच ते सांगावे. १९९६ पासून सगळ्या अमेरिकेत मोटारींना एकाच मापाचे सोळा पिनांचे सॉकेट आणि एकाच लिपीतले सांकेतिक आकडे आले. आपल्याकडे बीएस-४ मोटारींना २०१० पासून याचा पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला.

हा इतिहास सांगायचे कारण असे, की दिव्याचे मूळ काम धुरावर पहारा ठेवण्याचे आहे. म्हणून कधी गाडी मस्त पळत असते तरी दिवा पेटलेला असतो. उलट गिअरबॉक्स आवाज करतो, क्लच घसरतो, तेव्हा दिव्याला त्याचे सुखदुःख नसते. दिवा नाही म्हणजे गाडी निरोगी, हे समीकरण मनातून काढून टाकावे. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा आणि पाणी तापल्याचा लाल दिवा हे वेगळे. ते पेटले की जागच्या जागी इंजिन बंद करायचे, तिथे पुढचा फाटा गाठण्याचा मोह नको. पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गावापर्यंत येता येते. पेट्रोल गाडीत तो लुकलुकू लागला, तर एखादा सिलिंडर पेट घेत नाही आणि न जळालेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तिथली महागडी जाळी भाजते आहे, असे समजावे आणि गाडी ओढू नये.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

यंत्र जोडले की पडद्यावर एक अक्षर आणि चार आकडे दिसतात. पी म्हणजे इंजिन-गिअर, सी म्हणजे ब्रेक वगैरे खालचा भाग, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे संगणकांच्या आपसातल्या बोलण्यातला बिघाड. पुढचा आकडा शून्य असेल तर तो खुणेचा अर्थ सगळ्या कंपन्यांना सारखा. एक असेल तर तो त्या कंपनीचा घरगुती आकडा, त्याचा अर्थ कंपनीच्या पुस्तकात. तिसऱ्या जागेवर एक किंवा दोन असेल तर विषय हवा-इंधनाचा, तीन असेल तर ठिणगीचा, चार असेल तर धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा. पी ०३०१ म्हणजे एक नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाही. पी ०४०१ म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआरमधून पुरेसा धूर जात नाही. पी २४६३ म्हणजे सायलेन्सरमधल्या गाळणीत काजळी साठली.

मोठ्या ट्रॅक्टरना आणि हार्वेस्टरना बहुधा वेगळी लिपी असते. तिथे नऊ पिनांचे गोल सॉकेट आणि दोन आकड्यांची जोडी. पहिला आकडा कोणती वस्तू ते सांगतो, दुसरा तिला काय झाले ते. १०० म्हणजे ऑइलचा दाब, ११० म्हणजे इंजिनाच्या पाण्याचे तापमान, ९७ म्हणजे डिझेलमधले पाणी. दुसरा आकडा पाच आला तर वायर तुटली किंवा कपलर निघाला. ही लिपी आमच्या मते मोटारीच्या लिपीपेक्षा सरळ आहे. पहिल्याने नाव, दुसऱ्याने दुखणे.

आता मुख्य मुद्दा. आकडा लक्षण सांगतो, रोग सांगत नाही. पी ०३०१ आला म्हणून एक नंबरचा इंजेक्टर बदला, असे तो म्हणत नाही. सिलिंडर नीट पेटत नाही एवढेच म्हणतो. मग दोष स्पार्क प्लगचा, कॉइलचा, इंजेक्टरचा, वायरिंगचा की व्हॉल्व्हचा, हे माणसाने शोधायचे. डॉक्टरच्या थर्मामीटरवर १०२ दिसले म्हणून कुणी थेट ऑपरेशनच्या टेबलावर झोपत नाही. गाड्यांच्या बाबतीत मात्र आपण झोपतो.

डिझेलवाल्यांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. पी ००८७. अर्थ एवढाच, की इंजेक्टरांना डिझेल वाटणाऱ्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, हवा तेवढा दाब तयार होत नाही. हा आकडा पाहिला की काही गॅरेजांत थेट सांगतात, "पंप गेला, साठ-सत्तर हजारांची तयारी ठेवा." पंप गेलेला असूही शकतो. पण डिझेल टाकीपासून पंपापर्यंत येताना वाटेत फिल्टर आहे. तो चोंदला तरी हाच आकडा. टाकीतून येणाऱ्या नळीला चीर जाऊन हवा ओढली जात असेल तरी हाच. दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह अडकला तरी हाच. एखादा इंजेक्टर झिजून परतीच्या नळीतून जादा डिझेल टाकीकडे सोडत असेल तरी हाच. यातला फिल्टर पंपाच्या मानाने कवडीमोल आणि आपल्या भागात दोषी बहुतेक वेळा असतो तोच. कारण पेट्रोल पंप दूर म्हणून आपण डिझेल प्लास्टिकच्या कॅनमध्ये आणून ठेवतो. कॅन कधी तेलाची, कधी औषधाची. पावसाळ्यात झाकण सैल राहते, रात्रीच्या गारव्याने आत दव धरते. जुन्या पंपाला चमचाभर पाणी पचत असे, कॉमन रेलला थेंबही नाही. तिथले भाग डिझेलच्याच ओलाव्यावर फिरतात, पाणी गेले की ते कोरडे घासतात. मग मात्र खरोखरच पंप जातो.

हे उलगडायला संगणकाने आणखी एक वस्तू जपलेली असते. तिच्याकडे घाईत कुणी पाहत नाही. दोष नोंदवला गेला त्या क्षणीची सगळी परिस्थिती तो टिपून ठेवतो : इंजिनाचे फेरे किती, गाडीचा वेग किती, भार किती, पाणी किती गरम. पोलीसपाटलाच्या पंचनाम्यासारखे समजा. पी ००८७च्या पंचनाम्यात फेरे अठ्ठावीसशे आणि भार जवळजवळ पूर्ण दिसला, तर गाडी चढावर भरून जात होती आणि डिझेल कमी पडले. पहिला संशय फिल्टरवर घ्यावा. तोच आकडा सकाळी सेल मारतानाच्या नोंदीत असेल तर रात्रीतून डिझेल खाली उतरते आहे, नळीच्या जोडातून हवा शिरते आहे, अशी शंका घ्यावी. दोष एकच, पंचनामा वेगळा आणि बिलही वेगळे.

दुसरे उदाहरण उंदराचे. गाडी गोठ्याशेजारी किंवा कांद्याच्या चाळीलगत उभी राहिली की बॉनेटखालच्या उबेला उंदीर येतात आणि वायरिंग कुरतडतात. पाण्याच्या तापमानाची वायर तुटली की पी ०११८ येतो. यंत्रावर चालू आकडे लावून पाहिले, तर पाण्याचे तापमान दिसते उणे ४० अंश! निफाडला थंडी कडाक्याची पडते हे मान्य, पण एवढी नाही. उणे ४० दिसले की सेन्सर बदलण्याआधी वायर हाताने शेवटपर्यंत तपासावी. दोन इंच वायर आणि पट्टी, काम संपले. पण आकडा वाचून लगेच सेन्सर मागवला, तर सेन्सरही नवा आणि दिवाही तसाच.

प्रेशरच्या पंपाने इंजिन धुण्याची हौस हेही असेच एक कारण. पाणी कपलरमध्ये जाते आणि दोन दिवसांत तीन-चार असंबद्ध आकडे एकदम उगवतात. एकदम खूप आकडे आले तर खूप भाग एकदम गेले असे सहसा नसते. बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंग आणि कपलर आधी पाहावेत. बॅटरी उतरली तरी संगणक बरळतो.

पुसण्याचे काम

खोडण्याचे बटण दाबले की आकडा जातो, दिवा जातो, आणि त्याबरोबर वर सांगितलेला पंचनामाही जातो. इंजिनाने हवा-इंधनाचा जो मेळ शिकून ठेवलेला असतो तोही बहुतेक गाड्यांत पुसला जातो. शिवाय संगणक स्वतःच्या ज्या तपासण्या करून "तपासले, ठीक आहे" अशा नोंदी ठेवतो, त्या सगळ्या "तपासणी अपूर्ण" अशा कोऱ्या होतात. बॅटरीचे टर्मिनल काढून ठेवण्याचा जुना उपाय बऱ्याच गाड्यांत हेच करतो, फक्त अडाणीपणाने. दुरुस्ती न करता पुसले तर पुढच्या मिस्तरीच्या हातून पुरावाच काढून घेतल्यासारखे होते. म्हणून यंत्र जोडल्यावर पहिले काम पुसणे नसून लिहून घेणे. मोबाइलने पडद्याचे फोटो काढले तरी चालतात : आकडा, पंचनामा, तारीख, किलोमीटर.

पुसू नये असे मात्र नाही. दुरुस्ती झाली की पुसावेच, म्हणजे दोष परत येतो की नाही ते कळते. आणि घाई नसेल तर पुसण्याचीही गरज नाही. बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसले तरच दिवा पेटतो, आणि दोष खरोखर गेला असेल तर साधारण तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. इंजिन चाळीसेक वेळा थंड होऊन पुन्हा तापले, की नोंदही निघून जाते. दिवा स्वतःहून विझला तर ती दुरुस्तीची पावती समजावी. बटणाने विझवला तर तसे समजू नये.

जुनी पिकअप विकत घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. बाजारात गाडी धुऊन-पुसून उभी असते, दिवे सगळे विझलेले. पण यंत्र जोडले तर बऱ्याच गाड्या दोन गोष्टी सांगतात : नोंदी पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली आणि कोणत्या तपासण्या अपूर्ण आहेत. "गाडीला वर्षभर हात लावायला लागला नाही" असे विकणारा म्हणतो आणि यंत्र म्हणते पुसून फक्त सहा किलोमीटर झाले, तर व्यवहार तिथेच थांबवावा. निदान शे-दीडशे किलोमीटर चालवून पुन्हा यंत्र लावू द्या, असे म्हणावे. नकार आला तर उत्तर मिळाले.

काजळीच्या गाळणीबाबत तर पुसण्याचा काडीचा उपयोग नाही. ही गाळणी साफ होते ती आतली काजळी साधारण ६०० अंशांच्या उष्णतेत जळून. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. दुधाची गाडी दर अर्ध्या किलोमीटरवर थांबते, घंटागाडी तर दर दारात. तिथे ती उष्णता येत नाही आणि काजळी साठत जाते. आठवड्यातून एकदा गाडी हमरस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे सलग पळवली तर पुष्कळ फरक पडतो. गाळणीचा दिवा लागलेला असताना गाडी वाळल्या कडब्यावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नये, खालून पेट घेण्याचा धोका असतो. तेलकांडीवर ऑइल वाढलेले दिसले तर आनंद मानू नये. बहुधा ते डिझेल उतरलेले असते, ऑइल लगेच बदलावे.

काही ठिकाणी गाळणी कापून टाकून संगणकाचा प्रोग्रामच बदलून देतात, म्हणजे दिवा कधी पेटणारच नाही. हे मोटार वाहन कायद्यात बसत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर गाडीत असे परवानगीबाहेरचे फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कापणारा मिस्तरी तेव्हा कोर्टात येत नाही.

याच मालिकेतला आणखी एक उद्योग म्हणजे युरियाचे पाणी घरी कालवणे. ज्या गाड्यांना डिझेलशिवाय डीईएफची वेगळी टाकी असते, त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते. हे वाचून काहींच्या डोक्यात हिशेब येतो, "गोणी घरात आहेच की!" पण खताच्या युरियात बायुरेट नावाचा घटक दीड टक्क्यापर्यंत चालतो, डीईएफमध्ये ०.३ टक्क्यापर्यंतच. शिवाय २०१५ पासून आपला युरिया निंबोळी तेल लावलेला असतो आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार वेगळे. हे मिश्रण डीईएफच्या नोझलमध्ये जाऊन साखरेच्या पाकासारखे गोठते. मग आधी इशारा, मग इंजिनाची ताकद कमी. नोंद कितीही वेळा पुसली तरी ती परत येते. अनुदानाचे खत शेतीबाहेर वापरणे गुन्हा आहे, ती गोष्ट आणखी निराळी.

आणि एक धोक्याची सूचना गावातल्या जुन्या हातांना. साध्या पंपाच्या इंजिनाची एअर काढताना चालू इंजिनावर नोझलच्या पाइपाचे नट सैल करायची सवय असते. कोणता सिलिंडर मारत नाही तेही असेच शोधतात. कॉमन रेलच्या इंजिनावर हे चुकूनही करू नये. तिथे डिझेलचा दाब हजार-दीड हजार बारच्या वर जातो. ट्रॅक्टरच्या टायरमधली हवा दोन बारच्या आसपास असते, यावरून अंदाज करा. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आतून बोट किंवा हात जाऊ शकतो. असे झाले तर हळद लावून घरी बसू नये. आत डिझेल शिरले आहे असे स्पष्ट सांगून थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे.

वाचण्याचा हक्क कुणाचा?

साधे आकडे वाचणारे यंत्र आज हजार-दोन हजारांत मिळते, मोबाइलला जोडता येते. (अगदीच स्वस्तातले नकली निघतात आणि अर्धवट वाचतात, हेही खरे.) पण कंपनीचे घरगुती आकडे, गाळणीची काजळी मुद्दाम जाळण्याची आज्ञा, नव्या इंजेक्टरचा क्रमांक संगणकात चढवणे, ही कामे साध्या यंत्राने होत नाहीत. म्हणजे गावचा मिस्तरी इंजेक्टर बदलूही शकेल, पण काम पुरे करायला गाडी शेवटी जिल्ह्याच्या वर्कशॉपला न्यावीच लागते. वॉरंटीतल्या गाडीचे ठीक आहे, ती तिथेच न्यावी. वॉरंटी संपल्यावर काय?

हा प्रश्न आपल्या देशात एकदा तडीला गेलेला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि बिघाड वाचण्याची यंत्रे बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याने गिऱ्हाईक अडकून पडते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. हे सर्व बाहेर उपलब्ध करा, असेही आयोगाने बजावले. कंपन्या अपिलात आणि उच्च न्यायालयांत गेल्या, दंडाचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. पण दहा वर्षांपूर्वीच ठरलेला मुद्दा तालुक्याच्या गॅरेजात अजून पोहोचला नाही, हे कुणीही जाऊन पाहावे.

पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने "दुरुस्तीचा हक्क" या विषयावर समिती नेमली. तिच्या यादीत चार क्षेत्रे होती आणि त्यांत शेती अवजारे पहिल्यापासून होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे संकेतस्थळ सुरू झाले. मे २०२५ मध्ये वस्तू किती दुरुस्त होण्याजोगी आहे ते सांगणाऱ्या निर्देशांकाचा अहवाल आला, तो मात्र मोबाइल आणि घरगुती विद्युत वस्तूंबद्दल. फोनची बॅटरी बदलता आली पाहिजे, हे योग्यच. पण फोन बंद पडल्याने कुणाचा ऊस वाळत नाही. अवजारांना रांगेत मागे ठेवणे आम्हाला पटत नाही.

अमेरिकेतला शेतकरीही याच कोंडीतून जात आहे, आणि तिथला शेतकरी संघटित असल्याने त्याने ती वेशीवर टांगली. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो जानेवारी २०२४ पासून अमलात आला. यंत्र बनवणाऱ्याने भाग, माहिती आणि बिघाड वाचण्याची साधने मालकाला व स्वतंत्र मिस्तरीला दिली पाहिजेत, असे त्याचे सूत्र. जानेवारी २०२५ मध्ये तर अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने आणि दोन राज्यांनी जॉन डिअर कंपनीवर, पुरे काम करणारे सॉफ्टवेअर फक्त विक्रेत्यांच्या हाती ठेवले म्हणून दावा लावला. आपल्याकडे ट्रॅक्टरचा व्याप त्यांच्याहून मोठा, पण एकाही शेतकरी मेळाव्यात हा ठराव अद्याप ऐकू येत नाही. कर्जमाफी आणि हमीभाव यांच्यापुढे हे किरकोळ वाटते. हार्वेस्टर ऐन गव्हात दोन दिवस उभा राहिला आणि वर ढग आले, की ते किरकोळ राहत नाही.

दिल्लीचे होईल तेव्हा होईल. गावाच्या हातात आज काय आहे ते पाहू. शेतकरी उत्पादक कंपनीची अवजार बँक असेल तर तिने अवजारांच्या यादीत एक चांगले वाचनयंत्र घ्यावे, मोटारीच्या आणि ट्रॅक्टरच्या दोन्ही सॉकेटला चालणारे. एका रोटाव्हेटरच्या मानाने त्याची किंमत नगण्य आहे. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक आणि ट्रॅक्टर मेकॅनिक होऊन आलेली पोरे गावात आहेत. यंत्र त्यांच्या हाती द्यावे, वाचनाची ठराविक फी ठेवावी, पुसण्याची फी ठेवूच नये. नाहीतर पुन्हा तेच दुकान सुरू होईल.

ग्रामपंचायतीचे तर काम याहून सोपे आहे. घंटागाडी, पाण्याचा टँकर यांच्या दुरुस्तीची बिले मासिक सभेपुढे येतात. "पंप दुरुस्ती, सेन्सर बदली, मजुरी" अशी एक ओळ आणि खाली मोठा आकडा. सरपंच विचारत नाहीत, सदस्यांना कळत नाही, ग्रामपंचायत अधिकारी सही करतात, आणि पुढे लेखापरीक्षणात आक्षेप आला तर उत्तर त्यांनाच द्यावे लागते. ठराव करून एवढेच ठरवावे, की बिलासोबत तीन कागद हवेत : दुरुस्तीआधी वाचलेले आकडे व त्यांचा पंचनामा, बदललेला जुना भाग पंचायतीत जमा केल्याची नोंद, आणि दुरुस्तीनंतर शंभर किलोमीटर चालवून पुन्हा घेतलेले वाचन. तिसरा कागद येईपर्यंत बिलातली काही रक्कम राखून ठेवावी. चांगला मिस्तरी याला हरकत घेणार नाही, कारण तो कागद त्याच्याच कामाचा दाखला आहे.